जेंटूमध्ये यूज फ्लॅगची निवड : काय तसेच राहू द्यावे आणि काय बदलावे

जेंटू लिनक्स बसवणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न पडतो, जो इतर बहुतेक वितरणांत कधी समोरच येत नाही: एखाद्या प्रोग्राममध्ये आपल्याला नेमके काय काय हवे आहे? डेबियन किंवा फेडोरामध्ये पॅकेज तयार होऊन येते; बांधणाऱ्याने त्यात छपाईची सोय ठेवली की नाही, ब्लूटूथ जोडले की नाही, हे आपल्याला कुणी विचारत नाही. जेंटूचा पोर्टेज हा पॅकेज व्यवस्थापक मात्र मूळ सोर्स कोड उतरवून घेतो आणि आपल्याच संगणकावर कम्पाइल करतो, त्यामुळे हे निर्णय आपल्या हाती येतात. ते निर्णय पोर्टेजला कळवण्याचे साधन म्हणजे यूज फ्लॅग. फ्लॅगचे नाव नुसते लिहिले की ती सोय हवी, आणि नावापुढे वजाचिन्ह लावले की ती नको, इतका साधा हा व्यवहार आहे. अवघड आहे ते कोणता फ्लॅग कुठे लिहायचा आणि कोणत्याला हातच लावायचा नाही, हे ठरवणे. पुढील मांडणी त्याविषयी आहे.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. संपूर्ण यंत्राची मांडणी जिच्यात लिहिली जाते त्या मेक.कॉन्फ या फायलीत जितके कमी लिहावे तितके चांगले. जे लिहिले असेल त्याचे कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे, आणि मूळ निवडीशी असलेला आपला मतभेद शक्यतो त्या एका पॅकेजपुरताच नोंदवावा. या मताला सवयीपेक्षा बळकट आधार आहे, आणि तो पोर्टेजच्या रचनेतच आहे.

पुढे आज्ञा, फायलींची नावे आणि फ्लॅग देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते अर्थातच रोमन अक्षरांत टंकावे लागतात. आज्ञांचे पर्याय मी मुद्दाम लांब रूपात दिले आहेत, कारण एकेका अक्षराचे पर्याय लक्षात राहत नाहीत आणि लांब नावावरून त्यांचे काम कळते.

एखाद्या पॅकेजसाठी एखादा फ्लॅग चालू आहे की बंद, हे ठरवताना पोर्टेज अनेक ठिकाणी पाहतो, आणि त्या ठिकाणांची एक उतरंड आहे. सर्वांत खाली पॅकेजच्या ईबिल्ड फायलीतली, म्हणजे ते पॅकेज कसे बांधायचे याच्या कृतीतली, निवड असते: पॅकेज सांभाळणारा विकासक आययूज या यादीत फ्लॅगच्या नावाआधी अधिकचिन्ह लावतो, तेव्हा तो फ्लॅग मुळातच चालू धरला जातो. त्याच्या वर प्रोफाइल असते, म्हणजे आपण सर्व्हर वापरतो की डेस्कटॉप, प्रणाली सुरू करून सेवा सांभाळण्यासाठी सिस्टमडी की ओपनआरसी, यानुसार जेंटूच्या विकासकांनी ठरवून दिलेले फ्लॅग. यात सर्व पॅकेजांना लागू होणारे फ्लॅग असतात, तसेच विशिष्ट पॅकेजांसाठी केलेले अपवादही असतात. त्याच्या वर आपली मेक.कॉन्फ, तिच्या वर एकेका पॅकेजपुरते फ्लॅग नोंदवण्याची आपली पॅकेज.यूज, आणि सर्वांत वर आज्ञा देताना तिच्याआधी टंकलेले यूजचे मूल्य. वरच्या पायरीवर लिहिलेले खालच्या पायरीला खोडून काढते.

या क्रमात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे नवख्याचे हमखास दुर्लक्ष होते. मेक.कॉन्फ ही ईबिल्डमधील निवडीच्याही वर आहे आणि प्रोफाइलने एकेका पॅकेजसाठी केलेल्या अपवादांच्याही वर आहे. त्यामुळे मेक.कॉन्फमध्ये एखाद्या फ्लॅगला वजाचिन्ह लावले, की ज्या विकासकाने 'माझ्या पॅकेजात मात्र हे हवेच' असा विचार करून अधिकचिन्ह लावलेले असते, त्याचा तो विचार एका फटक्यात पुसला जातो. आणि तो कुठे कुठे पुसला गेला हे आपल्याला कुणी सांगत नाही.

उदाहरण पर्ल या फ्लॅगचे घेऊ. या फ्लॅगचे सर्वसाधारण वर्णन 'पर्ल भाषेसाठी वैकल्पिक आधार' असे आहे. ते वाचून, आपण पर्लमध्ये काही लिहीत नाही तेव्हा हा फ्लॅग नको, असे कुणालाही वाटेल. विम या मजकूर-संपादकाच्या बाबतीत ते बरोबरही आहे: तिथे या फ्लॅगने संपादकाच्या आत पर्लचा दुभाषी जोडला जातो, आणि तो नसला तरी बहुतेकांचे काही अडत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये मात्र काही उपआज्ञाच पर्लमध्ये लिहिलेल्या आहेत. मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर हा फ्लॅग सगळीकडे बंद करून ठेवला होता. अनेक महिन्यांनी एका प्रकल्पाला ईमेलने पॅच पाठवायची वेळ आली, तेव्हा सेंड-ईमेल ही गिटची आज्ञाच नाही, असे उत्तर मिळाले. मी आधी गिटची मांडणी तपासली, मग मेल पाठवण्याची मांडणी तपासली, आणि संध्याकाळ त्यात गेल्यावर मूळ कारण मेक.कॉन्फच्या एका ओळीत सापडले. गिटच्या ईबिल्डमध्ये पर्लच्या आधी अधिकचिन्ह होते. माझ्या एका वजाचिन्हाने ते निकामी केले होते. त्याच ईबिल्डमध्ये कर्ल या फ्लॅगलाही अधिकचिन्ह आहे, आणि तो बंद झाला तर एचटीटीपीएसवरून रिपॉझिटरी उतरवणेच थांबते.

याच कारणासाठी मेक.कॉन्फमध्ये यूजच्या सुरुवातीला वजाचिन्ह आणि तारांकन लिहून सगळे फ्लॅग एकदम बंद करण्याची जी पद्धत काही जण अनुसरतात, ती मी कुणालाही सुचवणार नाही. त्या दोन चिन्हांनी प्रोफाइल आणि ईबिल्ड या दोन्ही थरांतल्या निवडी पुसल्या जातात, आणि मग प्रत्येक पॅकेजचा प्रत्येक फ्लॅग, आज असलेला आणि उद्या नव्याने येणारा, स्वतः तपासण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते. हलकी आणि नेटकी प्रणाली हवी ही इच्छा रास्त आहे, पण ती पुरी करण्याचा मार्ग योग्य प्रोफाइल निवडण्यातून जातो.

तेव्हा पहिले पाऊल प्रोफाइलचे. 'ईसिलेक्ट प्रोफाइल लिस्ट' ही आज्ञा दिली की उपलब्ध प्रोफाइलांची यादी दिसते. २०२४ पासून २३.० या क्रमांकाची मालिका चालू आहे. सर्व्हरसाठी किंवा केवळ टर्मिनलवर चालणाऱ्या यंत्रासाठी साधे प्रोफाइल पुरते. पडद्यावर खिडक्या दिसायच्या असतील तर डेस्कटॉप, आणि नोम किंवा प्लाझ्मा यांपैकी एखादा डेस्कटॉप वापरायचा असेल तर त्या नावाचे उपप्रोफाइल निवडावे. डेस्कटॉप प्रोफाइल एक्स, वेलँड, डीबस, ब्लूटूथ, छपाईसाठी कप्स, चित्रांचे नेहमीचे प्रकार असे बरेच फ्लॅग चालू करते. त्यातले दोन-चार आपल्याला नको असतात, म्हणून साधे प्रोफाइल घेऊन बाकीचे चाळीस फ्लॅग हाताने लिहीत बसणे हा उलटा व्यवहार आहे. डेस्कटॉप प्रोफाइल घ्यावे आणि नको असलेले दोन-चार वजा करावेत. प्रोफाइल बदलत्या काळाबरोबर विकासक बदलत राहतात. हाताने लिहिलेली यादी मात्र लिहिली त्या दिवशी होती तशीच राहते.

प्रोफाइल ठरले की मेक.कॉन्फकडे वळावे. तिथे ज्या गोष्टी खरोखर संपूर्ण यंत्राला लागू आहेत तेवढ्याच लिहाव्यात. कम्पायलरच्या पर्यायांविषयी फार बोलण्यासारखे नाही: ओ२ आणि पाइप हे पर्याय मुळातच दिलेले असतात, त्यांत आपल्या प्रोसेसरसाठी मार्च=नेटिव्ह घालावे आणि तिथेच थांबावे. ओ३ किंवा फास्ट-मॅथसारखे पर्याय सगळ्या प्रणालीला लावू नयेत. फास्ट-मॅथ तर अपूर्णांकांच्या गणिताचे नियमच सैल करतो, आणि त्याच नियमांवर विसंबणारे प्रोग्राम चुकीची उत्तरे देऊ शकतात. मेकऑप्ट्समध्ये एकाच वेळी किती कामे चालावीत हे लिहिताना प्रोसेसरच्या धाग्यांबरोबर मेमरीचाही हिशेब करावा: प्रत्येक कामामागे साधारण २ जीबी धरून जो आकडा येईल तो आणि धाग्यांची संख्या, यांपैकी लहान असेल तो घ्यावा. ८ जीबी मेमरी आणि ८ धागे असलेल्या लॅपटॉपवर आकडा ४ हाच येतो. एखादेच मोठे पॅकेज मेमरी खात असेल तर पॅकेज.एन्व्हच्या आधाराने त्याच्यापुरता आकडा कमी करता येतो.

प्रोसेसरच्या विशेष सूचना आणि ग्राफिक्सचे चालक यांचे फ्लॅग हे यंत्राचे वर्णन असते, आवडीनिवडीचा भाग त्यात नाही, म्हणून ते सर्व पॅकेजांना बिनदिक्कत लावावेत. पहिल्यासाठी सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्स नावाचे छोटे साधन आहे. ते प्रोसेसरला विचारून तयार ओळ देते, आणि ती पॅकेज.यूजमध्ये सर्व पॅकेजांसाठीच्या तारांकित नोंदीखाली ठेवावी. ३२ बिटांच्या लायब्ररींची गोष्ट याच्या उलट आहे. स्टीमसारख्या एखाद्या प्रोग्रामसाठी एबीआय_एक्स८६ मध्ये ३२ सगळीकडे चालू केले, तर ज्या ज्या लायब्ररीला ती सोय आहे ती प्रत्येक लायब्ररी दोनदा कम्पाइल होते. ज्यांना ती लागते त्यांच्याच नावापुढे हा फ्लॅग लिहावा, यादी लांबली तरी चालेल.

भाषेचे वेगळे सांगायला हवे, कारण मराठी वाचकाला ते हमखास लागणार. एल१०एन या चलात इंग्रजीसाठी ईएन आणि मराठीसाठी एमआर ही संक्षिप्त रूपे लिहिली, की लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसारखी पॅकेजे मराठीचे भाषापॅक बरोबर घेतात. हे चल प्रणालीची भाषा बदलत नाही. त्यासाठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) वेगळे तयार करून निवडावे लागते. लिंग्वास हे तिसरे, जुने चल आहे आणि त्याच्याशी अनेकांची गल्लत होते. त्यात फक्त इंग्रजी लिहिलेले असेल तर जी पॅकेजे ते पाहतात ती मराठी अनुवाद बसवतच नाहीत, आणि नंतर लोकेल मराठी करूनही पडद्यावर इंग्रजीच का दिसते याचा उलगडा होत नाही. लिंग्वास रिकामेच सोडावे, किंबहुना लिहूच नये.

पायथन_टार्गेट्स हेही न लिहावे अशांपैकीच एक. पायथनची कोणती आवृत्ती मूळ धरायची हे प्रोफाइल ठरवते आणि ते दर काही काळाने पुढे सरकते. २०२४ च्या जूनमध्ये ते ३.१२ वर गेले. ज्यांनी हे चल मेक.कॉन्फमध्ये एका आवृत्तीवर खिळवून ठेवलेले असते, त्यांच्याकडे अशा वेळी अद्ययावतीकरण अडते, कारण नवी पॅकेजे जुन्या आवृत्तीचा आधार सोडत जातात आणि प्रोफाइलची दुरुस्ती तर त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

जुन्या मेक.कॉन्फ एकमेकांकडून उतरवून घेण्याची प्रथा आहे, आणि तिच्यातून सर्वाधिक नुकसान करणारा फ्लॅग कोणता असे विचारले तर मी आयपीव्ही६ चे नाव घेईन. कधीकाळी घरगुती जोडण्यांवर त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तो वजा करणे शहाणपणाचे मानले जाई. आज भारतात मोबाइल इंटरनेटचा फार मोठा भाग आयपीव्ही६ वर चालतो. लॅपटॉपला फोनचे हॉटस्पॉट जोडून काम करणाऱ्याने हा फ्लॅग बंद ठेवला, तर काही प्रोग्राम चालतात, काही अडखळतात, आणि दोष नेटवर्कचा आहे असेच वाटत राहते. प्रोफाइलमध्ये हा फ्लॅग मुळात चालू आहे. त्याला हात लावू नये.

आता प्रत्यक्ष निवड कशी करावी ते पाहू. कोणतेही पॅकेज बसवण्याआधी 'इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज' ही पोर्टेजची, काही न बसवता नुसते दाखवणारी आज्ञा देऊन त्याचे फ्लॅग पडद्यावर आणावेत. लाल रंगात चालू असलेले फ्लॅग दिसतात, निळ्यात आणि वजाचिन्हासह बंद असलेले. ज्याची स्थिती मागच्या वेळेपेक्षा बदलली आहे तो हिरवा असून त्याच्या शेवटी तारांकन असते, आणि जो यादीत नव्याने आला किंवा यादीतून गेला तो पिवळा असून त्याच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह असते. कंसात दिसणारा फ्लॅग बहुतेक वेळा प्रोफाइलने सक्तीने चालू किंवा बंद केलेला असतो, तेव्हा त्याच्याशी झगडू नये. ही ओळ वाचण्याची सवय लागली की अर्धे काम झाले. हिरवे आणि पिवळे काही दिसले तरच थांबावे, एरवी पुढे जावे.

फ्लॅगच्या नावावरून त्याचा अर्थ ठरवू नये. जेंटूलकिट या पॅकेजातली 'ईक्वेरी यूजेस' ही आज्ञा पॅकेजाचे नाव देऊन चालवली की प्रत्येक फ्लॅगचा त्या पॅकेजातला अर्थ दिसतो. 'ईयूज --इन्फो' ही त्याच संचातली आज्ञा एक फ्लॅग घेऊन तो कुठे कुठे आहे आणि कोणत्या थराने चालू किंवा बंद केला आहे, हे सांगते. हे वाचून झाल्यावर मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो असा की हा फ्लॅग सगळ्या पॅकेजांत एकाच अर्थाचा आहे का. पाइपवायर किंवा वेलँड यांचा अर्थ जवळजवळ सगळीकडे सारखा आहे, म्हणून ते मेक.कॉन्फमध्ये शोभतात. त्यानंतर पाहतो की या फ्लॅगमुळे नवीन डिपेन्डन्सी, म्हणजे सोबत लागणारे दुसरे पॅकेज, येते का, आणि आली तर ती यंत्रावर आधीच आहे का. आधीच असलेल्या लायब्ररीशी जोडणी होऊ नये म्हणून फ्लॅग बंद करण्याने वाचते ते फारच थोडे. आणि शेवटी, हा निर्णय चुकला तर ती चूक मला कशी कळेल? छपाई बंद झाली तर छापताना लगेच कळते. सुरक्षेशी निगडित फ्लॅग, उदाहरणार्थ सेककॉम्प किंवा कॅप्स, बंद केले तर काहीच कळत नाही, सगळे पूर्वीसारखेच चालताना दिसते. म्हणून असे फ्लॅग मुळात आहेत तसेच ठेवावेत. लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या पॅमचे याहून गंभीर आहे: चालत्या प्रणालीवर तो बंद करताना लॉगिनची सगळी साखळी एकत्र बदलावी लागते, आणि मधली एखादी कडी राहिली तर स्वतःच्याच यंत्रात शिरता येत नाही.

काही फ्लॅगांची नावे मोहात पाडणारी आहेत. मिनिमल हा त्यांतला पहिला. नाव ऐकून वाटते की तो सगळीकडे लावला की प्रणाली सुटसुटीत होईल; प्रत्यक्षात कुठे तो प्लगइन काढतो, कुठे चालक काढतो, कुठे फॉन्ट काढतो, आणि कुठे पॅकेजचे निम्मे कामच काढून टाकतो. तो पॅकेजनिहाय अर्थ वाचूनच लावावा. डीबग या फ्लॅगने प्रोग्राम कोसळल्यावर नीट माग मिळेल अशी समजूत असते, पण त्याचे काम आतल्या तपासण्या आणि जादा संदेश चालू करणे हे आहे. मागासाठी कम्पायलरचे आणि मेक.कॉन्फमधल्या फीचर्स या चलातले वेगळे पर्याय लागतात. डॉक सगळीकडे लावला तर दस्तऐवज घडवण्यासाठी डॉक्सिजन, स्फिंक्स अशी साधनेच डझनावारी येतात. पॅकेजला आपलेच कम्पायलर-पर्याय वापरायला लावणारा कस्टम-सीफ्लॅग्स सगळीकडे लावणे म्हणजे ज्या विकासकाने काही अनुभवानंतर आपले पर्याय गाळले, त्याचा अनुभव नाकारणे होय.

मेक.कॉन्फच्या बाहेर उरते ते सगळे पॅकेज.यूजमध्ये जाते. ही एकच फाइल न ठेवता त्या नावाची डिरेक्टरी करावी आणि विषयवार फायली ठेवाव्यात: एक यंत्राच्या वर्णनाची, एक आवाजाची, एक संपादकांची, एक तात्पुरत्या तडजोडींची. प्रत्येक ओळीच्या वर हॅशचे चिन्ह देऊन तारीख आणि कारण लिहावे. कारण मराठीत लिहिले तरी पोर्टेजची हरकत नसते, आणि मी ते मराठीतच लिहितो. आज्ञेच्या आधी यूज लिहून एकदाच फ्लॅग बदलण्याची सोय आहे खरी, पण ती कुठेही नोंदली जात नाही; पुढच्या अद्ययावतीकरणात तो फ्लॅग गुपचूप मूळ जागी जातो. ती सोय फक्त तात्पुरत्या अडचणीतून वाट काढण्यासाठी वापरावी.

एक उदाहरण जवळून पाहू. एका लहान सर्व्हरवर मला मराठी मथळे असलेली चित्रे आपोआप तयार करायची होती. प्रोफाइल साधे होते, चित्रे घडवणारे इमेजमॅजिक बसवलेले होते, देवनागरी फॉन्टही होता. तयार झालेल्या चित्रात 'किल्ला' हा शब्द असा उमटला की पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसली होती आणि ल्ल हे जोडाक्षर सुटून दोन ल मध्ये पाय मोडल्याचे चिन्ह दिसत होते. डेस्कटॉपवर तेच काम व्यवस्थित होत होते. दोन्ही यंत्रांवर फ्लॅगांची ओळ शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक सापडला: डेस्कटॉप प्रोफाइल पँगो हा फ्लॅग चालू करते, साधे प्रोफाइल करत नाही. देवनागरीत अक्षरे एकामागोमाग नुसती मांडून चालत नाही. वेलांटी आधी न्यावी लागते, जोडाक्षरांचे आकार फॉन्टमधून निवडावे लागतात. हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते आणि पँगो तिच्यामार्फत मजकूर मांडतो. पॅकेज.यूजमध्ये इमेजमॅजिकच्या नावापुढे पँगो एवढीच ओळ लिहिली, पॅकेज पुन्हा कम्पाइल केले, चित्र काढण्याच्या आज्ञेत मजकूर पँगोमार्फत दिला, आणि किल्ला सरळ उभा राहिला. पँगो मेक.कॉन्फमध्ये लिहिला असता तरी हेच झाले असते. पण मग त्या सर्व्हरवरच्या ज्या ज्या पॅकेजात हा फ्लॅग आहे त्यालाही तो लागला असता, आणि तिथे त्याची गरज कुणाला नव्हती. इमॅक्स या संपादकात मराठी लिहिणाऱ्यांनीही हार्फबझ हा फ्लॅग चालू आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

हार्फबझवरून आणखी एक अडचण आठवते, आणि ती पहिल्यांदा डेस्कटॉप उभारताना हमखास येते. फॉन्टमधली अक्षरे रेखाटणाऱ्या फ्रीटाइप या लायब्ररीला हार्फबझ हवा असतो आणि हार्फबझला फ्रीटाइप, म्हणून दोन्ही नसताना पोर्टेज चक्रीय डिपेन्डन्सीची तक्रार करून थांबतो. अशा वेळी काही जण घाबरून हार्फबझ मेक.कॉन्फमध्ये कायमचा बंद करून मोकळे होतात, आणि इमॅक्ससारख्या पॅकेजात देवनागरीचे हाल ओढवून घेतात. योग्य उपाय म्हणजे हार्फबझ वजा करून 'इमर्ज --वनशॉट' ने फ्रीटाइप एकदा बसवणे, मग हार्फबझ बसवणे, आणि त्यानंतर फ्रीटाइप पुन्हा आपल्या मूळ फ्लॅगांसह कम्पाइल करणे. वनशॉट लिहिल्याने ते पॅकेज आपण स्वतः मागितलेल्या पॅकेजांच्या यादीत जात नाही. आज्ञेपुरता फ्लॅग बदलण्याची सोय वापरण्याचा हाच खरा प्रसंग.

पोर्टेज कधी कधी फ्लॅगांच्या जोडीवरच आक्षेप घेतो. ईबिल्डमध्ये रिक्वायर्ड_यूज अशी अट असते: यांपैकी नेमका एक, किंवा निदान एक, किंवा जास्तीत जास्त एक. संदेश लांबलचक दिसला तरी त्यात अट स्पष्ट लिहिलेली असते. ती शांतपणे वाचून त्याच पॅकेजपुरती निवड करावी. पोर्टेज स्वतः बदल सुचवतो आणि सांगितले तर लिहूनही देतो. पण सुचवलेली ओळ वाचल्याशिवाय स्वीकारू नये, कारण त्याला गणित सुटले की पुरते, आपल्याला ती सोय हवी होती की नाही हे तो पाहत नाही.

फ्लॅग बदलल्यावर ते अमलात आणण्यासाठी 'इमर्ज --आस्क --अपडेट --डीप --न्यूयूज @वर्ल्ड' द्यावे; @वर्ल्ड म्हणजे आपण मागितलेली आणि मूळ प्रणालीची सगळी पॅकेजे. न्यूयूज हा पर्याय ईबिल्डमध्ये एखादा फ्लॅग नव्याने आला किंवा गेला, आणि आपण तो वापरत नसलो, तरीही पॅकेज पुन्हा बांधतो. त्याऐवजी चेंज्ड-यूज दिले तर आपल्या चालू फ्लॅगांत खरोखर फरक पडला असेल तेव्हाच बांधणी होते. ज्यांच्याकडे यंत्र मंद आहे किंवा मधेच वीज जाते, त्यांनी दुसरा पर्याय नेहमीचा करावा; बांधणी अर्ध्यात तुटली तर 'इमर्ज --रिझ्यूम' ने उरलेल्या यादीपासून पुढे जाता येते. सगळे झाल्यावर, गरज न उरलेली पॅकेजे काढणारे डेपक्लीन आधी प्रिटेंडसह चालवून काय जाणार ते पाहावे.

कमी लिहावे या मताला अलीकडे एक नवे कारण मिळाले आहे. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस जेंटूने एएमडी६४ आणि एआरएम६४ या प्रोसेसरच्या दोन प्रकारांसाठी आयत्या बांधलेल्या पॅकेजांचा मोठा साठा खुला केला. फीचर्समध्ये गेटबिनपीकेजी लिहिले की पोर्टेज आधी तिथे पाहतो. पण आपले फ्लॅग आणि तिथल्या पॅकेजचे फ्लॅग जुळले तरच तो ते घेतो, नाहीतर नेहमीप्रमाणे कम्पाइल करतो. तो साठा प्रोफाइलांच्या मूळ निवडीनुसार बांधलेला असतो, म्हणजे मेक.कॉन्फमधला प्रत्येक अकारण फ्लॅग आपल्याला त्या साठ्यापासून दूर नेतो. लिबरऑफिस, वेबकिट यांच्यासारखी पॅकेजे तासन्‌तास कम्पाइल होत असताना हा फरक हातात मोजता येतो. प्रोसेसरचे फ्लॅग लिहिल्याने एफएफएमपेगसारखी काही पॅकेजे जुळणार नाहीत, पण ती किंमत रास्त आहे, कारण तिथे त्या सूचनांचा खरा उपयोग होतो.

जे स्वतःच्या ओव्हरलेमध्ये, म्हणजे जेंटूच्या साठ्याला जोडलेल्या आपल्या वेगळ्या साठ्यात, ईबिल्ड लिहितात त्यांच्यापुढे हाच प्रश्न उलट बाजूने येतो: अधिकचिन्ह कुठे लावावे? मूळ प्रकल्प जी सोय सर्वांसाठी गृहीत धरतो आणि जिच्यावाचून वापरणाऱ्याला पॅकेज मोडके वाटेल, तिथे ते लावावे. स्वतःला आवडते म्हणून लावू नये. एखादी छोटी मजकूर फाइल बसवायची की नाही, एवढ्यासाठी तर फ्लॅगच निर्माण करू नये. ती सरळ बसवावी, ज्याला नको असेल त्याच्यासाठी ठरावीक फायली बसवणे टाळणारे इन्स्टॉल_मास्क आहे.

पॅकेज.यूजची साफसफाई मी वर्षातून दोनदा करतो. ईआयएक्स या पॅकेजातली 'ईआयएक्स-टेस्ट-ऑब्सोलीट' ही आज्ञा ज्या नोंदींचे पॅकेज आता बसवलेलेच नाही, अशा नोंदी दाखवते. त्या काढून टाकाव्यात. उरलेल्यांपैकी ज्या ओळीवर कारण लिहिलेले नाही ती हॅश लावून बाजूला ठेवावी आणि प्रिटेंड देऊन पाहावे. ओळ गेल्यावर काहीच हिरवे झाले नाही, तर मूळ निवड आता तीच झालेली असते, आणि ती ओळ पुन्हा लिहिण्याची गरज उरत नाही.